जमीन बाबांच्या पैशाची, सातबारा मामेभावाचा

चिकूवाली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. वर्तकनगर, ठाणे इथे राहते. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात फिटर होते. १९९४ साली स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आले, त्यातून त्यांनी मुरबाड तालुक्यात ३८ गुंठे घेतले. ६२ हजारांना. आजोबांची कोकणातली जमीन कुळकायद्यात कुळांकडे गेलेली, त्यामुळे बाबा कागदावर शेतकरी नव्हते, आणि शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणून खरेदीखत केलं बाबांच्या मामेभावाच्या नावावर. आम्ही त्यांना बापूकाका म्हणायचो.

पुढची पंचवीस वर्षं बाबा दर रविवारी कल्याणपर्यंत लोकल, तिथून एसटी असं करत जायचे. चिकूची तीस झाडं त्यांनी लावली, विहिरीला कठडा बांधला. बापूकाका २०१९ ला गेले, बाबा २०२१ ला. बापूकाकांच्या मुलांनी वारस नोंद करून घेतली, त्याबद्दल तक्रार नाही, ते होणारच होतं. पण गेल्या महिन्यात गेलो तर तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप. त्यांच्यातल्या मोठ्या दादाला फोन केला तर म्हणाला, "ताई, सातबारा बघ कोणाचा आहे."

आमच्याकडे मूळ खरेदीखत आहे (पहिल्या दिवसापासून आईच्या कपाटात), बाबांचं पासबुक आहे, आणि बापूकाकांचं एक अंतर्देशीय पत्र आहे. त्यात लिहिलंय, "जमीन तुझीच, माझं फक्त नाव." एवढ्यावर कोर्टात जाता येईल का? भाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो सोडून दे.

निवांत_घोडबंदर
जागा राखून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो.

मिसळ_विथ_तर्री
ताई, आधी मन घट्ट करा. अशी जमीन ठाणे जिल्ह्यातल्या दर तिसऱ्या घरात निघते. आमच्यात पण आहे, फक्त आम्ही ती "काकांची वाडी" म्हणतो आणि विषय बदलतो.

काळाकोट
ठाणे कोर्टात वीस वर्षं दिवाणी काम करतोय. कागद न बघता बोलतोय, तेव्हा हा सल्ला समजू नका.

तुमच्या वडिलांनी पैसे दिले आणि नाव दुसऱ्याचं घातलं, याला कायद्यात बेनामी व्यवहार म्हणतात. १९८८ चा कायदा. त्याचं कलम ४ असं की, खरा मालक मी आहे असं म्हणून ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्याविरुद्ध दावाच लावता येत नाही. बचाव म्हणूनही तो मुद्दा घेता येत नाही. तुमचा व्यवहार १९९४ चा, म्हणजे कायदा आल्यानंतरचा. समोरचा वकील पहिल्या तारखेला आदेश ७ नियम ११ चा अर्ज टाकेल की वादपत्रच फेटाळा.

बेनामी ठरवताना कोर्ट काय बघतं, ते १९७४ च्या जयदयाल पोद्दार विरुद्ध बीबी हाजरा या निकालात आहे: पैसा कुठून आला, ताबा कोणाकडे, दुसऱ्याचं नाव घालायचं कारण काय, दोघांचं नातं काय, मूळ कागद कोणाच्या कपाटात, नंतर कोण कसं वागलं. ताई, तुमच्याकडे यातलं सगळं आहे. पासबुक, ताबा, कपाट, पत्र. आणि अडचण हीच आहे. जितकं पक्कं सिद्ध कराल, तितका व्यवहार बेनामी ठरेल. जितका बेनामी ठरेल, तितका दावा बुडेल.

मिसळ_विथ_तर्री
म्हणजे पुरावा कमी असता तर बरं झालं असतं? 😀

काळाकोट
@मिसळ, पुरावा नसता तर मुळात काही सिद्धच झालं नसतं. दोन्हीकडून भिंत.

पारसिकचा_बोगदा
काहीही! पैसे बाबांचे, घाम बाबांचा, झाडं बाबांनी लावली. कायद्याला एवढंही कळत नसेल तर चुलीत घाला तो कायदा. आणि प्रतिकूल ताबा नावाचं काही असतं की! बारा वर्षं ताबा असेल तर जमीन आपली. इथे तर पंचवीस आहेत.

काळाकोट
@पारसिक, प्रतिकूल ताब्यावर दावा लावता येतो हे खरं, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसं सांगितलं आहे. पण तो ताबा मालकाच्या विरोधात, उघड, "तू मालक असशील पण मी जुमानत नाही" असा लागतो. इथे मामेभाऊ आतेभाऊ एकाच चटईवर बसून चिकू खात होते. परवानगीने असलेला ताबा शंभर वर्षं झाली तरी प्रतिकूल होत नाही. शिवाय एका तोंडाने "मीच पहिल्यापासून मालक" आणि दुसऱ्या तोंडाने "मी त्याच्या विरोधात ताबा ठेवला" असं म्हणता येत नाही.

माजी_तलाठी
मी शहापूर, मुरबाड दोन्हीकडे नोकरी केली आहे. वकीलसाहेबांनी बेनामीचं सांगितलं, पण माझ्या मते त्याहून मोठी विहीर दुसरीकडे आहे.

महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आज रेकॉर्डवर काय दिसतं? एका शेतकऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याकडून जमीन घेतली. स्वच्छ फेरफार. तुम्ही कोर्टात उभ्या राहून सांगणार की नाही हो, खरा घेणारा माझा बाप होता आणि तो शेतकरी नव्हता. म्हणजे कलम ६३ चा भंग झाल्याचं तुम्हीच लिहून देणार. मग कलम ८४क खाली तहसीलदार चौकशी लावू शकतात आणि व्यवहार अवैध ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. तुम्हाला नाही, दादाला नाही. मी अशा दोन भावकीच्या भांडणांत पंचनामे केले आहेत. अर्ज करणारा रागाच्या भरात करतो, नंतर मागे घ्यायला धावतो, पण अर्ज एकदा टपालात चढला की चढला.

आंब्याचा_टाळ
आजोबांची जमीन कुळकायद्याने गेली आणि बाबांना नवी घेऊ दिली नाही ती पण त्याच कायद्याने. १९४८ च्या त्या एका कायद्याने या घराची दोनदा परीक्षा घेतली म्हणायची.

चिकूवाली
@आंब्याचा टाळ, हे मला आजपर्यंत सुचलंच नव्हतं. बाबा असते तर हसले असते. नाही, बहुतेक चिडले असते.

@माजी तलाठी, धन्यवाद, पण झोप उडवलीत.

आगरी_कट्टा
आमच्या नवी मुंबईचं ऐका. सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली, मग दि. बा. पाटलांचं आंदोलन, १९८४ चा गोळीबार, आणि त्यानंतर साडेबारा टक्क्याची योजना, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत. प्लॉट मिळायला वर्षं लागली आणि तोवर लोकांना पैशाची गरज. मग बाहेरचे "गुंतवणूकदार" यायचे. प्लॉट निघायच्या आधीच आजोबांना थोडे पैसे द्यायचे, कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घ्यायचे आणि फाइल घेऊन जायचे. हो, आमच्याकडे फाइल विकली जायची, जमीन नाही. पुढे प्लॉट निघाला तो आजोबांच्या नावावर, पण राजा कोण तर फाइलवाला. त्या प्लॉटवर आता सात मजली इमारत आहे आणि माझ्या दोन आत्या कोर्टात आहेत, कारण वारसांच्या यादीत त्यांची नावंच घातली नव्हती. तेव्हा त्यांना विचारलं तर म्हणाल्या होत्या, आम्हाला काय नको, भावांचं होऊ दे. इमारतीचा सातवा स्लॅब पडला आणि मत बदललं. माझं म्हणाल तर आत्यांचं बरोबर आहे.

काळाकोट
@आगरी कट्टा, तुमचं बेनामी नाही हो. जमीन खरोखर तुमचीच होती, प्लॉट तुम्हालाच मिळाला. तिथे प्रश्न कुलमुखत्यारपत्राचा आहे. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केलंय. आत्यांचं प्रकरण वारसाहक्काचं.

आगरी_कट्टा
नाव एकाचं, पैसा दुसऱ्याचा, भांडण तिसऱ्याचं. मला तर सगळं एकच दिसतं, साहेब.

सुगरण_ऐरोली
अवांतर: चिकूताई, चिकू सालासकट की सोलून?

चिकूवाली
सालासकट. सोलणारी माणसं आमच्याकडे सोयरीक जमवत नाहीत.

घणसोली_लोकल
मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण या धाग्यावर ज्याच्या नावावर जमीन असते तो खलनायक ठरतोय.

माझे वडील एका मालकाकडे ड्रायव्हर होते. आमची साताऱ्याकडे दीड एकर कोरडवाहू, म्हणजे वडील शेतकरी, दाखला मिळतो. २०१७ ला साहेब म्हणाले, तुझा दाखला आण, दोन सह्या कर, काही होत नाही. वडिलांनी केल्या. पंचवीस वर्षं त्या घरचं मीठ खाल्लेलं, नाही कसं म्हणणार? शहापूरला चार एकर त्यांच्या नावावर झाली. आम्हाला जागा कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

तीन वर्षांनी आयकर खात्याच्या बेनामी विभागाची नोटीस आली. वडिलांचा पगार १८ हजार आणि खरेदी ९० लाखांची, पैसे कुठून आणले ते सांगा. साहेबांनी फोन उचलणं बंद केलं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड, आणि ती फक्त पैसे देणाऱ्याला नाही, नाव देणाऱ्यालाही लागू. वडिलांना हे वाचून दाखवलं तर ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. आम्ही जे खरं ते लेखी दिलं. जमिनीवर जप्ती आली आहे, पुढचं चालू आहे. वडिलांनी स्वतःच्या दीड एकराचा सातबारा पण मध्ये काढून बघितला, त्याला काही झालं नाही ना म्हणून.

पारसिकचा_बोगदा
@घणसोली, वाचून गप्प झालो. माझा वरचा "चुलीत घाला" थोडा मागे घेतो.

रबाळेची_सून
माझा बारीक प्रश्न. नवऱ्याने माझ्या नावावर ऐरोलीत फ्लॅट घेतला, हप्ते त्याचे. हेही बेनामीत येतं का? आता आमचं पटत नाही, आणि तो म्हणतो फ्लॅट माझा.

काळाकोट
@रबाळेची सून, नवरा किंवा बायको आणि मुलं यांच्या नावावर, ज्ञात उत्पन्नातून घेतलं असेल तर ते बेनामीच्या व्याख्येतून वगळलंय. २०१६ आधी ही सूट फक्त बायको आणि अविवाहित मुलगी यांच्यापुरती होती, आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते तिच्याच फायद्यासाठी घेतलं असं कायदा धरायचा. भाऊ-बहिणीच्या बाबतीत आज सूट आहे, पण कागदावर दोघांची नावं लागतात. मामेभाऊ कुठेच बसत नाही, ना तेव्हा ना आता. तुम्ही मात्र फ्लॅट कधी घेतला ते बघा आणि वेगळा वकील गाठा, धाग्यावर संसार सोडवू नका.

कायद्याचा_किडा
एक भर. मध्यंतरी २०२२ मध्ये गणपती डीलकॉमचा निकाल आला होता, २०१६ ची दुरुस्ती मागच्या व्यवहारांना लागू नाही असा. बरेच लोक तोच हातात धरून बसलेत. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मागे घेतला आणि अपील पुन्हा सुनावणीला ठेवलं. तेव्हा जुना व्यवहार आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि काळाकोट, विश्वस्ताच्या नात्याने नाव घातलं असेल तर कलम ४ आड येत नाही ना? २०१२ च्या बंगळुरूच्या प्रकरणात एका भावाच्या नावावरच्या घरात इतर भावंडांना हिस्सा दिलाच की. ताईंकडे पत्र आहे.

काळाकोट
@किडा, मुद्दा चांगला. तिथे घर मूळ आईच्या भाडेपट्ट्याचं होतं, महापालिकेने नाव एकाचंच घ्या म्हटलं म्हणून एकाचं घातलं. इथे नाव का घातलं? कलम ६३ टाळायला. विश्वासाने ठेवलं म्हणा, पण ज्या कारणासाठी ठेवलं ते कारण न्यायाधीश विचारणारच. पत्राच्या जोरावर वादपत्र पहिल्या फेरीत वाचेल कदाचित. पण मग माजी तलाठींची विहीर आहेच पुढे.

शेणवा_फाटा
मी मुरबाडचाच. गावाकडून बोलतो. शहरातले येतात, रविवारी कलमं लावतात, संध्याकाळच्या गाडीने जातात. आठवड्याचे उरलेले सहा दिवस गुरं कोण हाकलतं? वणवा लागला तर कोण धावतं? पीक पाहणी कोण लावतं, सारा कोण भरतं? नाव ज्याचं त्याच्याच दारात तलाठी येतो. बापूकाकांनी पंचवीस वर्षं ते केलं, आणि "माझं फक्त नाव" असं लिहूनही दिलं. तो माणूस सोन्याचा. पण त्यांच्या पोरांनी ते पत्र पाहिलं तरी आहे का? त्यांच्या दृष्टीने बापाच्या सातबाऱ्यावर असलेली जमीन बापाचीच. ते चोर नाहीत, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

चिकूवाली
@शेणवा फाटा, खरं सांगू? मला राग आला आधी. मग आईला विचारलं. ती म्हणाली, बाबा आणि बापूकाका दोघांनी ठरवलं होतं की पोरांना सांगायचं नाही, "उगाच कशाला." पत्र दादाला दाखवलेलंच नाही कधी.

मिसळ_विथ_तर्री
"उगाच कशाला" या दोन शब्दांवर महाराष्ट्रातली निम्मी दिवाणी कोर्टं चालतात.

नौपाडा_नारळ
बक्षीसपत्र करून घ्या ना मग. २०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं असं ऐकलंय.

काळाकोट
@नारळ, ते नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांच्यासाठी. बापूकाकांची बायको, म्हणजे काकू, ताईंची आई नाही. आणि जमीन शेती असेतोवर ताईंच्या नावावर यायला कलम ६३ पुन्हा आडवं येणार, विक्री करा नाहीतर बक्षीस.

माजी_तलाठी
ताई, एक विचारू? जमीन गावठाणापासून किती लांब आहे?

चिकूवाली
जवळच आहे. देवळामागून चालत पाच मिनिटं. का?

माजी_तलाठी
गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर महसूल संहितेखाली ती अकृषिक, म्हणजे बिगरशेती, होऊ शकते. त्यासाठी ठरलेली रक्कम भरावी लागते. अर्ज सातबारावरच्या मालकाने करायचा, म्हणजे दादाने आणि काकूंनी. एकदा शेतजमीन राहिली नाही की कलम ६३ चा प्रश्न उरत नाही, मग त्यांनी राजीखुशीने त्यातला भाग तुम्हाला रीतसर विकला तर आडवं काही येत नाही. मुद्रांक भरा, पैसे बँकेतून द्या. जमीन व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून बंदीच आहे. जुन्या व्यवहाराचं नावही काढायचं नाही. फक्त हे भांडून होणार नाही. कुंपणाच्या आत चहा प्यायला बोलावलं तरच होईल.

पारसिकचा_बोगदा
म्हणजे ताईंनी बापाचीच जमीन पुन्हा विकत घ्यायची?

माजी_तलाठी
हो. १९९४ च्या चुकीची किंमत आज भरायची. थोडी दादाने सोडायची, थोडी ताईंनी.

सुगरण_ऐरोली
निवांत_घोडबंदरने पहिल्याच प्रतिसादात जागा राखून ठेवली होती. आठ दिवस झाले. ताबा आमचा, नाव त्याचं. तिथे मी रेसिपी टाकू का?

मिसळ_विथ_तर्री
टाका. कलम ४ प्रमाणे तो दावा लावू शकणार नाही.

चिकूवाली
मंडळी, काल जाऊन आले. भावाला पुण्याहून ओढून आणलं. वकिलाची नोटीस नाही, काही नाही, आईला सोबत घेतलं आणि ओल्या नारळाच्या करंज्या.

फाटक काकूंनीच उघडलं. पत्र आईने काकूंच्या हातात दिलं. काकूंना वाचता येत नाही फारसं, पण अक्षर ओळखलं. धाकट्या दादाने मोठ्याने वाचून दाखवलं. मोठा दादा काही बोलला नाही, बाहेर जाऊन विहिरीवर उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "दलाल पंचवीस लाख देतोय. मला पोरीचं शिक्षण आहे." मला काय बोलावं सुचेना. माझ्या भावाने, जो "सोडून दे" म्हणत होता, त्यानेच विचारलं, किती गुंठे विकायची गरज आहे तुला?

ठरलं काही नाही अजून. पण भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाकायचा यावर सगळे हो म्हणाले. क प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आली की २०० मीटर बसतात का ते कळेल. अर्ज मोठ्या दादाच्या सहीने, फी निम्मी-निम्मी.

कुलूप अजून आहे. एक किल्ली आईला दिली.

शेणवा_फाटा
मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटिसा वेळेत गेल्यात का बघा, नाहीतर मोजणीदार हात हलवत परत जातो. आणि बांधावरचं गवत आधीच काढून ठेवा.

माजी_तलाठी
द्रुतगतीची फी भरा. साध्यात टाकलंत तर पावसाळा मध्ये येईल.

निवांत_घोडबंदर
सॉरी, आत्ता बघितलं. काय झालं शेवटी?

सुगरण_ऐरोली
वर वाच. आणि तुझी जागा मी घेतली आहे, चिकू हलवा, पाव किलो खवा.